पेटी घरात, गुरुजी फोनमध्ये

मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींच्या माळ्यावर एक पेटी आहे, हे एकदा हात वर करून मोजायला हवे. माहेरून आलेली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, दिवाळीच्या साफसफाईला तेवढी खाली उतरणारी. कुणाकडे तबल्याची जोडी असेल, कुणाकडे खुंट्या सैल झालेले व्हायोलिन. लग्नाआधी दोनतीन परीक्षा दिलेल्या असतात, मग संसार सुरू होतो आणि वाद्य वर जाते ते जातेच.

अलीकडे मात्र ही वाद्ये पुन्हा खाली येऊ लागली आहेत. कधी मुलीसाठी, कधी आपल्या स्वतःसाठी. कारण आता गुरुजी फोनमधून घरी येतात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि पुण्या-नागपूरच्या पुष्कळ संगीतशिक्षकांनी नाइलाजाने फोनवरून शिकवायला घेतले. टाळेबंदी गेली, पण लांबगावचे विद्यार्थी काही सुटले नाहीत. आमच्या गोंदियासारख्या जिल्ह्याला तर हे वरदानच म्हणायचे. शहरात शिकवणारे मिळतात हो, पण देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांतल्या एखाद्या मुलीला सतार शिकायची असेल तर तिने जावे कुठे? नागपूर गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. अर्ध्या तासाच्या शिकवणीसाठी अख्खा दिवस जाणार, शिवाय मुलीबरोबर कुणी तरी जायला हवेच.

म्हणून फोन. पण या फोनच्या शिकवणीत एक गोष्ट हमखास आपल्या लक्षात येत नाही, आणि तिचा दोष मात्र शिकणारीच्या माथी येतो. ती गोष्ट म्हणजे आवाज! फोनमधून पलीकडे जातो तो आवाज आपण वाजवलेलाच असतो का?

हरवलेला षड्ज

आमच्या शेजारच्या वहिनी एका दुपारी आल्या त्या चेहरा पाडूनच. त्यांची मुलगी आठवीत आहे. वर्षभरापासून नागपूरच्या एका सरांकडे फोनवरून पेटी शिकते.

"ताई, पेटी विकून टाकावी म्हणते. सर म्हणतात, पोरगी सूर धरतच नाही. दर वेळी भाता नीट मार म्हणून सांगतात आणि ही शिकवणी संपली की रडत बसते. उगाच फी कशाला भरायची जी?"

मागे मुलगी उभी होती. ती म्हणाली, "काकू, मी तर धरूनच राहिली ना सूर! तुम्ही येऊन ऐका."

मी बी.ए.ला संगीत हा एक विषय घेतला होता, तेवढाच माझा अधिकार. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या वेळी जाऊन बसले. मुलीने षड्ज धरला. डाव्या हाताने भाता संथ चालला होता आणि सूर अगदी तेलाच्या धारेसारखा. तेवढ्यात फोनमधून सर म्हणाले, "बेटा, सूर तुटतो आहे, हवा भर." मुलीने जोरात भाता मारायला सुरुवात केली. मनगट दुखेपर्यंत मारला. सर पुन्हा तेच!

मग सरांची परवानगी घेऊन मी माझा फोनही त्याच वर्गाला जोडला आणि आतल्या खोलीत दार लावून ऐकू लागले. आता कोडे उलगडले. षड्ज सुरू होताना छान ऐकू येई. दोनतीन सेकंदांत तो बारीक होई आणि मग चक्क नाहीसा. मुलीने ऋषभावर बोट नेले की पुन्हा सूर उगवे आणि पुन्हा मावळे. खोलीत सूर अखंड होता आणि फोनमध्ये तुटत होता. सर खोटे बोलत नव्हते आणि मुलगीही नव्हती.

असे का होते, ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला समजावून सांगितले. फोनवरच्या सभांच्या या सोयी मुळात बोलण्यासाठी केलेल्या आहेत. बोलताना माणसाचा आवाज सारखा बदलत असतो. जो आवाज बदलत नाही, एकसारखा चालतो, तो पंखा, कूलर किंवा मिक्सर असणार असे ते यंत्र धरून चालते आणि तो आवाज गाळून टाकते. आता विचार करा, पेटीचा लांब सूर, तानपुऱ्याचा झंकार, व्हायोलिनचा लांब गज, बासरीचा दमसास हे सगळे एकसारखेच चालणारे आवाज. सूर स्थिर राहावा म्हणून आपण वर्षानुवर्षे मेहनत करायची आणि यंत्राच्या लेखी ती कूलरची घरघर!

शिवाय यंत्र आणखी एक आगाऊपणा करते. हळू आवाज आपण होऊन मोठा करते, मोठा आवाज लहान करते. बोलण्यासाठी ते सोयीचे आहे. पण पेटीत भात्याने सूर हळूच उचलायचा आणि हळूच सोडायचा, हेच तर शिकायचे असते. ते सपाट होऊन पलीकडे पोचते आणि "भाव नाही" असा शेरा मिळतो.

तबलजींचे दुखणे वेगळे

तबला शिकणाऱ्या मुलांच्या आया म्हणतील, आमचा सूर लांब नसतोच. खरे आहे. तुमचे दुखणे डग्ग्याचे. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे फारच खालचा. साध्या टेलिफोनची रचनाच मुळी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्यापुरती होती, कारण बोलणे समजायला तेवढे पुरते. आजच्या फोनमधून जास्त जाते, पण त्याचा इवलासा स्पीकर खालचा घुमारा उमटवूच शकत नाही. त्यामुळे गुरुजींनी डग्ग्यावर तळवा घासून काढलेली मींड मुलाला ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येते ती नुसती 'टप'. मूल तेच उचलते.

आणि तबल्याचे काय, ठाऊक आहे? साध्या ढोलासारखा तो नुसता आवाज करीत नाही, त्याला स्वर असतो. सर सी. व्ही. रामन यांना प्रकाशावरील संशोधनासाठी १९३० साली नोबेल मिळाले, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याआधी दहा वर्षे, १९२० साली, त्यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर आपल्या मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांवर लिहिले होते. पुडीवरच्या शाईमुळे मुख्य स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळून येतात, आणि म्हणून ही चर्मवाद्ये सुरात बोलतात, हे त्यांनी दाखवून दिले. आता हे वरचे स्वरच वाटेत छाटले गेले तर 'ना' आणि 'तिं' यांतला फरक कळणार कसा? त्यात पुन्हा गाळणीचे यंत्र छोट्या, झटक्याच्या ठोक्यांना दारावरची टकटक समजते. 'तिरकिट'मधली दोन अक्षरे वाटेतच गळतात आणि गुरुजी म्हणतात, बोल स्वच्छ नाहीत.

पन्नास मीटरवरचा ठेका

तिसरी गोष्ट वेळेची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. गुरू समोर मीटरभर अंतरावर बसले असतील तर त्यांचा ठेका तीन सहस्रांश सेकंदात आपल्या कानी पडतो, म्हणजे जवळजवळ लगेच. फोनवरून मात्र जायला दीडशे सहस्रांश किंवा त्याहूनही अधिक लागू शकतात. याचा अर्थ, गुरुजी पन्नास मीटर लांब, धानाच्या बांध्या ओलांडून पलीकडच्या धुऱ्यावर बसून ठेका धरताहेत आणि मूल अलीकडे वाजवते आहे!

हिशेब करून बघा. त्रिताल मध्य लयीत, मिनिटाला १२० मात्रा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. गुरुजींचा ठेका आपल्याकडे यायला दीडशे सहस्रांश, आपले वाजवणे त्यांच्याकडे जायला दीडशे, मिळून तीनशे. अर्ध्या सेकंदात पाचशे सहस्रांश असतात. म्हणजे मुलीने अगदी समेवर हात ठेवला तरी गुरुजींना ती अर्ध्या मात्रेहून जास्त उशिरा पोचलेली दिसणार. "लयीला कच्ची आहे" हा शिक्का मारायला एवढे पुरते. आणि असा शिक्का लहानपणी बसला की पुसत नाही हो! "आमच्या हिला सूरतालाचं अंगच नाही," असे आईच चारचौघींत सांगू लागते.

म्हणून एक नियम पाळा: फोनवरून बरोबरीने वाजवायचे नाही. गुरूंनी आधी वाजवावे आणि थांबावे, मग मुलीने वाजवावे. तानपुरा, लेहरा किंवा ठेका हवा असेल तर तो मुलीच्या खोलीत लावावा, गुरूंच्या खोलीत नव्हे. म्हणजे ठेका आणि वाजवणे दोन्ही एकदमच निघतात, एकदमच पोचतात. ज्या फोनवर शिकवणी चालू आहे त्यावरच तानपुरा लावू नका, घरातला दुसरा फोन किंवा पेटीसारखा दिसणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर तो घ्या.

घरच्या घरी करण्याजोगे

आता उपाय. यातल्या बहुतेकांना पैसा लागत नाही.

गाळणी बंद करा. झूमच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' अशी सोय असते, ती सुरू करायची. गूगल मीटमध्ये 'नॉइज कॅन्सलेशन' असते, ते बंद करायचे. शेजारच्या मुलीचा षड्ज एवढ्यानेच परत आला. ही खटपट दोन्हीकडे हवी. सर वयस्कर असतील तर त्यांच्या सूनबाईंना किंवा नातवाला फोन करून सांगा, संकोच करू नका.

खोली निवडा. रिकाम्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत आवाज आदळतो आणि सूर एकमेकांत मिसळतात. स्वयंपाकघर तर नकोच, भांडी झणझणतात. गाद्यांची चळत असलेली खोली उत्तम. खाली सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा किंवा दोरीवर गोधडी टाका. पावसाळ्यात टिनाच्या छताखाली वाजवणे व्यर्थ आहे, कवेलूच्या खोलीत बसा.

वेळ निवडा. गाळणी बंद केली की पंख्याचा आणि कूलरचा आवाजही पलीकडे जाणार, हे विसरू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद करून बसणे ही शिक्षाच. उन्हाळ्यापुरती शिकवणी सकाळी सहाला मागून घ्या. त्या वेळी घरातले बाकीचे फोनही झोपलेले असतात, त्यामुळे नेटही बरे चालते.

फोन कुठे ठेवाल? बहुतेक फोनचा माइक खालच्या कडेला, चार्जरच्या भोकाजवळ असतो. आपण फोन नेमका त्याच कडेवर उभा करतो आणि माइकचे तोंड बुजते. खाली जागा मोकळी राहील असा टेका द्या, किंवा फोन आडवा उभा करा. फोन वाद्यावर किंवा जमिनीवर ठेवू नका. एखाद्या चौरंगावर, वाद्यापासून दोन हात लांब ठेवा. पेटीच्या भात्याच्या अगदी समोर नको, हवेचा फुसफुसाट जातो. तबल्याला दोन्ही वाद्यांच्या मधोमध, थोडा उंच. बासरीला फुंकरीच्या वाटेतून बाजूला. व्हायोलिनला तबकडीवरच्या भोकांकडे तोंड करून.

ईअरफोन तारेचाच घ्या. बिनतारी ईअरफोनमुळे आवाजाला आणखी उशीर होतो, आणि त्याचा माइक सुरू झाला की संगीताचा दर्जा टेलिफोनसारखा होऊन बसतो. साधा तारेचा काहीशे रुपयांत मिळतो आणि त्यात डग्ग्याचा घुमारा फोनच्या स्पीकरपेक्षा पुष्कळ बरा कळतो. शिवाय गुरुजींचा आवाज खोलीत घुमून पुन्हा त्यांच्याकडे परत जात नाही. मात्र त्याच्या तारेवरही माइक असतो. तो ओढणीला घासला की खरखर होते, तेव्हा क्लिप लावून वर बांधा.

चित्र लागेल तेवढेच दाखवा. नेट मंद असेल तर चित्र आणि आवाज एकमेकांची वाट अडवतात. पहिली दहा मिनिटे बसणे, बोटे, मनगट गुरूंना दाखवा, मग चित्र बंद करून नुसता आवाज राहू द्या. आवाज लगेच सुधारतो.

आणि सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे आधी ध्वनिमुद्रण करून पाठवणे. शिकवणीच्या आदल्या संध्याकाळी मुलीने फोनच्या रेकॉर्डरवर आठवड्याचा पाठ वाजवावा आणि गुरूंना पाठवावा. ते मुद्रण फोनच्या आतच होते, त्यामुळे वाटेतल्या नेटची कुरतड त्याला लागत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे दाबून बारीक न होता जसेच्या तसे जाते.

आमच्या शेजारी हे सुरू झाले तेव्हा एक गंमत झाली. मुद्रण ऐकून सरांनी सांगितले, "सूर छान धरते ही. पण अलंकार वाजवताना शेवटी पळते." हा दोष खरोखरचा होता आणि फोनवर तो इतके दिवस कुणाला ऐकूच आला नव्हता. मुलगी त्यावर रडली नाही. सरांनी बरोबर ओळखले, हे तिलाच पटले होते.

जे फोनमधून येत नाही

एवढे सगळे केले म्हणजे प्रत्यक्ष शिकवणीची गरज उरत नाही, असे मात्र समजू नका. विद्येच्या प्रत्येक नव्या वाटेवर काही मिळाले आणि काही सांडले आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांनी आणि भातखंड्यांनी स्वर कागदावर लिहायची पद्धत बसवली, म्हणून आपल्यासारख्या घरांतल्या मुलींना संगीत शिकता आले. पण कागदावर मींड ऐकू येत नाही. मग तबकडी आली. तबकडीत आवाज आला, पण प्रश्न विचारायची सोय नव्हती. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लहानग्या भीमसेन जोशींच्या कानावर पडली आणि गाण्याच्या ओढीने १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. त्या जुन्या तबकडीचा आवाज खरखरीतच असणार! पण पुढे काय झाले? ते तबकडी ऐकत घरी बसले नाहीत. कितीतरी गावे हिंडून शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायाशी जाऊन शिकले. आवाज खराब असला तरी ओढ लागते. विद्या पक्की करायला मात्र समोर बसावे लागते.

आपल्या झाडीपट्टीत हे कुणाला सांगायला नको. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटके चालतात आणि रंगमंचाशेजारी ऑर्गन-तबलेवाले बसतात. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली पोरे ताल उचलतात, ती बोटे बघून, थाप अंगावर घेऊन. डग्ग्याची थाप जमिनीतून कळते, ती फोनमधून कशी कळावी?

शेजारच्या मुलीला मागच्या सुट्टीत वहिनी नागपूरला घेऊन गेल्या. सरांनी तिचा डावा हात धरला, मनगट थोडे खाली केले आणि खांदा सैल सोडायला सांगितला. पाच मिनिटांचे काम, पण ते फोनच्या चौकटीत कधी दिसलेच नव्हते, कारण खांदा चौकटीच्या बाहेर राहात असे! तेव्हापासून त्यांनी दिवाळी आणि उन्हाळा अशा दोन फेऱ्या ठरवून टाकल्या आहेत. तिकिटाचे पैसे फीच्या डब्यातच बाजूला पडतात.

तुम्हीही असे काही तरी ठरवा. आणि हो, हे सगळे केवळ मुलींसाठी नाही. दुपारी जेवणे आटोपल्यावर घरात अर्धा तास शांत मिळतो, तो तुमचाही आहे. माळ्यावरची पेटी खाली घ्या. पण लगेच शिकवणी लावू नका. तिच्या भात्याला झुरळांनी भोके पाडली आहेत का ते आधी पाहा, आणि दुरुस्त करून घ्या. मग गुरूंना विचारा, "सर, माझा सूर तुमच्याकडे पोचतो ना?" पहिल्या दिवशी एक लांब षड्ज धरा, दहा सेकंद, आणि दुसऱ्या फोनवर घरातल्या कुणाला तरी ऐकायला बसवा. तो अखंड ऐकू आला की मग पुढचा धडा.

मधेच तुटला, तर आधी फोन तपासा. आपल्या गळ्याला, हाताला किंवा मुलीच्या अंगच्या गुणाला दोष द्यायची घाई करू नका.